नकाशा माझा मला काढू द्या

व्हिडिओ गेमच्या जाहिरातींत आणि परीक्षणांत गेली काही वर्षं एक वाक्य हमखास भेटतं : हा खेळ तुमच्या वेळेचा आदर करतो. वाक्य इतकं सभ्य आहे की त्याच्याशी भांडायला गेलं तर आपणच उद्धट ठरतो. तरी मला भांडायचं आहे, कारण हा आदर दर वेळी एकाच रूपात येतो. जुन्या खेळातलं एखादं अवघड भुयार घ्यायचं, त्यात दिवे लावायचे, वाट दाखवणारा बाण ठेवायचा, नकाशा आधीच काढून द्यायचा, आणि एवढं करूनही कुणी मेलंच तर त्याला पुन्हा दाराशी उभं करायचं. 'ड्रॅगन क्वेस्ट 3' हा जुना जपानी खेळ 2024 मध्ये नव्या रूपात आला. त्यात सगळ्यांत सोपी पातळी निवडली तर लढाईत तुमचं माणूस मरतच नाही. मग त्याच्या हातात ढाल कशाला दिली, हे कुणी विचारलं नाही.

साहित्याचं नियतकालिक वाचणाऱ्याला ह्याचं काय, असं वाटेल. सांगते, पण आधी भुयार दाखवते.

मी बोलतेय ते 'विझर्ड्री'च्या भुयाराबद्दल. गेमच्या भाषेत त्याला डंजन म्हणतात, गो. ना. दातारांच्या 'इंद्रभुवन गुहे'चं नाव ऐकलेल्या मराठी वाचकाला भुयार हा शब्द पुरावा. 1981 मध्ये अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड ह्या अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या दोघा विद्यार्थ्यांनी हा खेळ ॲपल टू ह्या संगणकासाठी लिहिला. पोरकटपणा असा की खेळातल्या वेड्या राजाचं नाव ट्रेबोर आणि त्याचा ताईत पळवून तळाशी बसलेल्या मांत्रिकाचं नाव वर्डना. इंग्रजीत उलटं वाचलं तर रॉबर्ट आणि अँड्र्यू. भुयाराचे मजले दहा. प्रत्येक मजला 20 बाय 20 घरांचा, म्हणजे 400 घरं. सगळी मिळून 4000. आपण सहा जणांची टोळी घेऊन उतरायचं. पडद्यावर दिसतात त्या काही रेघा : समोर भिंत, डावीकडे दार, पुढं काळोख. एवढंच. नकाशा नाही. तो तुम्ही काढायचा, कागदावर, पेन्सिलीनं.

आणि नकाशा काढणाऱ्याला फसवण्यासाठीच हे भुयार बांधलं आहे. एका टोकाकडून बाहेर पडणारी वाट त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकातून आत येते, त्यामुळं सरळ चालणारा माणूस न वळता निघाल्या जागी परततो. काही घरांत पाय ठेवला की तुमचं तोंड गुपचूप फिरवलं जातं. काही घरं उचलून दुसरीकडेच टाकतात. काही भागांत मंत्राचा उजेडसुद्धा विझतो. तिथं चाचपडत चालायचं, भिंतीवर आपटलं की पडद्यावर 'आउच' असं उमटतं, आणि त्या आउचवरून भिंत कागदावर काढायची. आपण कुठं आहोत हे सांगणारा एक मंत्र आहे, ड्यूमापिक नावाचा. पायऱ्यांपासून किती घरं पूर्वेला, किती उत्तरेला, किती मजले खाली, आणि तोंड कुठल्या दिशेला, हे तो सांगतो. पण मांत्रिकाकडं सुरुवातीला मंत्र म्हणण्याची ताकद दोनच वेळची असते, आणि त्याच ताकदीतून शत्रूला झोपवणारा मंत्रही म्हणायचा असतो. म्हणजे जागा विचारायची की जीव वाचवायचा, हे दर वेळी ठरवावं लागतं. असा प्रश्न मला अलीकडच्या फार थोड्या कादंबऱ्यांनी विचारलाय.

मी टहरौलीत राहते. झाशी जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव. आमच्यासारखी मराठी घरं झाशीत नेवाळकरांच्या काळापासून आहेत. घरात मराठी, दारात बुंदेली, कागदावर हिंदी. इथं मी संध्याकाळी नववी ते बारावीच्या मुलांना गणित शिकवते. शिकवणी संपल्यावर तिघं जण मागं राहतात आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर आम्ही 'विझर्ड्री' खेळतो. बाजारात मिळणारी चौखाने की कापी, पहिली-दुसरीची पोरं जिच्यात आकडे गिरवतात ती, आमची नकाशाची वही. एका पानावर 20 बाय 20 घरं आखून उरलेल्या जागेत खुणा लिहायच्या. खेळातलं इंग्रजी फार थोडं आहे. पुढं, डावीकडे, उजवीकडे, लाथ मारून दार उघड, लढ, पळ. तिघांनाही ते दोन दिवसांत आलं.

पहिले दोन मजले कागदावर आले. तिसऱ्यावर वही बिघडली. एकच चौक पानावर दोन ठिकाणी येऊ लागला, आणि दुसरी वाट पहिल्या भिंतीतून आरपार जायला लागली. अकरावीतली मुलगी म्हणाली, "मैडम, कापी झूठी कै मसीन?" मी काही बोलले नाही. मला उत्तर माहीत होतं, आणि ते गिळणं हेच माझं त्या दिवसाचं काम होतं. तिनं दोन दिवस जुन्या खुणा तपासल्या. प्रत्येक मोजणी बरोबर निघाली. तेव्हा ती म्हणाली की चौकात जायच्या आधी एकदा आणि पाऊल ठेवल्यावर एकदा ड्यूमापिक म्हणायचा. दोघा मुलांनी वाद घातला, की मग झोपवायचा मंत्र उरणार नाही, मरू. वाद चांगला अर्धा तास चालला. शेवटी म्हटला. आधी तोंड पूर्वेला होतं, पाऊल टाकल्यावर दक्षिणेला. कुणी वळलं नव्हतं. तिनं त्या घरात छोटा गोल काढला, त्याला बाण जोडला आणि बाजूला लिहिलं, 'चकरी'. इंग्रजी खेळाडू त्या घराला काय म्हणतात हे तिला ठाऊक नाही आणि तिचं काही अडलंही नाही.

परतताना टोळी मेली, सगळीच्या सगळी. मुलांचं म्हणणं खरं ठरलं.

इथं 'विझर्ड्री'चा कठोरपणा कळतो. मेलेला माणूस तबकडीवर मेला म्हणून नोंदला जातो. मागं जाऊन घडलेलं पुसायची सोय नाही. प्रेतं भुयारात पडून राहतात. ती आणायची तर नवी टोळी उभी करून त्याच जागी पोचायचं, मग देवळात पैसे मोजून त्यांना जिवंत करायचं. ते देऊळही खात्री देत नाही. विधी फसला तर माणसाची राख होते, राखेवरचाही फसला तर माणूस कायमचा गेला. क्रूर आहे. पण नवे सहा जण खाली उतरले तेव्हा एक गोष्ट मुलांच्या ध्यानात आली. टोळी कोरी होती, वही कोरी नव्हती. वर्गातल्या बाकीच्यांना वाटतं की अशा खेळात पडद्यावरचं पात्र मोठं होतं. त्याच्या अंगी ताकद येते, कवच जड होतं, आकडे वाढतात. इथं पात्र तर मेलं होतं. मोठं झालेलं पेन्सिल धरून बसलं होतं. (अभिमन्यूचा दाखला आता येणार असं वाटलं असेल. तो देत नाही, कारण त्याच्यामागून चक्रव्यूहात शिरणाऱ्याला तो काही आखून ठेवू शकला नाही.)

पुण्यातल्या एका कवी मित्राला हे सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, एवढ्या तासांत किती पुस्तकं झाली असती, आणि नकाशा इंटरनेटवर तयार मिळतो की. हे दोन्ही आक्षेप एकाच तोंडून आले म्हणून मी जास्त चिडले. हा माणूस एकेका ओळीत तीन अर्थ दडवतो आणि कुणी 'ह्याचा अर्थ काय' असं विचारलं तर अपमान झाल्यासारखा गप्प बसतो. त्याच्या कवितेचा तयार अर्थ छापून विकला तर त्याला चालेल का? कविता समजण्यात जो वेळ जातो तोच कविता वाचण्याचा वेळ असतो, हे तो व्यासपीठावरून सांगत आला आहे. भुयाराला तो हा नियम लावत नाही, कारण भुयार यंत्रात आहे आणि यंत्रातली गोष्ट म्हणजे करमणूक, आणि करमणूक म्हणजे लवकर संपवायची वस्तू. असं मानणारा साहित्यिक खेळाचं नुकसान करतो ते सोडा, तो स्वतःच्या धंद्यावरच दगड टाकतो. ज्या वाचकाला तयार नकाशाची सवय लागली तो कवितेच्या दाराशी येऊन बाण कुठं आहे असंच विचारणार. विचारतोच आहे. जाड कादंबऱ्यांचा सारांश पंधरा मिनिटांत ऐकवणारी ॲप काय निव्वळ व्यापाऱ्यांसाठी निघाली आहेत?

आमच्या ह्या मुलखाला भुयारं नवी नाहीत. देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' 1888 पासून निघू लागली. चुनारच्या बाजूचा तिचा तिलिस्म म्हणजे बटणं, कळा, खोटी दारं, हलणाऱ्या पुतळ्या आणि खाली उतरत जाणाऱ्या कोठड्या. त्याच सुमाराला लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून उर्दू 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे खंड येत होते. ही पुस्तकं वाचणाऱ्यांत विद्वान थोडे, दुकानदार आणि कारकून फार. 'चंद्रकांता' वाचता यावी म्हणून किती तरी लोक नागरी लिपी शिकले, ही गोष्ट हिंदीत शंभर वेळा सांगून झाली आहे. मला तिच्यातला एकच तुकडा हवा आहे. खत्रींनी भाषा सोपी ठेवली. संस्कृताचं ओझं नाही, फारसीचा डौल नाही, बाजारात बोलतात ती हिंदी. तिलिस्म मात्र सोपा केला नाही. त्यात शिरलेल्या माणसाला तो फोडण्याची रीत सांगणारी पोथी मिळते खरी, पण ती मिळवावी लागते, आणि मिळाल्यावरही जपावी लागते, कारण ऐयार ती लांबवायला टपलेले असतात.

भाषा सोपी आणि भुयार अवघड. 'विझर्ड्री'ची रीतही हीच आहे. सहा-सात आज्ञा, चार रेघा, आणि त्यातून 4000 घरांचं कोडं. आज उलटं चाललंय. खेळाच्या पहिल्या तासात तीस बटणांची शिकवणी, पाच प्रकारची नाणी, पडद्याच्या चारही कडांना लुकलुकणारे आकडे. आणि एवढं सगळं शिकून जायचं कुठं, तर बाण नेईल तिकडं. दार अवघड झालं आणि आतली खोली रिकामी. ह्याला सोपं करणं म्हणतात हेच मला पटत नाही.

आता माझ्या बाजूनं उभे राहू बघणाऱ्यांना दूर करते. अवघड खेळांचे म्हणून काही भक्त असतात. कुणी अडलं, विचारलं, की ते म्हणतात, जमत नसेल तर सोड. त्यांनी अवघडपणाची जात केली आहे. आपण वरचे, बाण वापरणारे खालचे. मला त्यांच्या पंगतीत बसायचं नाही. अक्षरं मोठी करा, रंग न ओळखणाऱ्यासाठी खुणा द्या, एका हातानं खेळणाऱ्याला बटणं बदलू द्या, गोष्ट मराठीत आणा, बुंदेलीत आणा. ह्यातल्या कशानंही भुयाराचं एक घर कमी होत नाही. आणि खेळ मधेच राखून ठेवायची सोय द्या. 'ड्रॅगन क्वेस्ट 2' 1987 मध्ये जपानमध्ये आला तेव्हा खेळ पुढं चालू ठेवायचा तर 52 अक्षरांपर्यंतचा परवलीचा मजकूर कागदावर उतरवून घ्यावा लागे. एक अक्षर चुकलं की सगळं गेलं. त्यातल्या रोनच्या गुहेच्या नावानं जपानी खेळाडू अजून सुस्कारा टाकतात, आणि गुहेतून बाहेर पडल्यावर पठारावर जे शत्रू भेटतात ते एका मंत्रात टोळी आडवी करतात. गुहेतल्या फसव्या जमिनी आणि फिरून तिथंच आणणाऱ्या वाटा मला मान्य आहेत. 52 अक्षरं नाहीत. ती त्या काळच्या यंत्राची गरिबी होती. तिला रचना म्हणून मिरवू नये.

टहरौलीत हे जास्त कळतं. मे महिन्यात वीज जाते ती कुणाच्या कौशल्याची परीक्षा घ्यायला जात नाही. बॅटरी संपत आलेल्या लॅपटॉपवर आठव्या मजल्यावरून धावत वर येणं हा थरार नव्हे, ती नुसती वैताग आणणारी गोष्ट आहे. 'विझर्ड्री'तही असा वैताग आहे. पहिल्या मजल्यावर मर्फीची भुतं म्हणून एक ठिकाण आहे. तिथं त्याच त्या भुतांना शंभरदा मारून ताकद वाढवायची, हे सगळ्या जुन्या खेळाडूंना माहीत असतं. ते घर कुणी काढून टाकलं तर मी एक शब्द बोलणार नाही. कंटाळा आणि अवघडपणा ह्यांत फरक करता येतो. ज्यात डोकं चालवावं लागतं ते अवघड. ज्यात डोकं बाजूला ठेवावं लागतं तो कंटाळा. वेळेचा आदर करणाऱ्यांनी कंटाळा काढला असता तर मी त्यांना हार घातला असता. त्यांनी बहुतेक ठिकाणी कंटाळा ठेवला आणि डोकं काढलं. नव्या खेळांत दहा-दहा हजार नाणी गोळा करायची कामं आहेत, रोज हजेरी लावायची बक्षिसं आहेत. तिथं कुणाचा वेळ कुणाला आठवत नाही.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

आमच्या गावात दुकानात शाळेच्या पुस्तकाआधी कुंजी संपते. कुंजीत प्रश्नाखाली उत्तर छापलेलं असतं. आता कुंजीचीही गरज उरली नाही. फोनवर 'वन शॉट' नावाचा प्रकार आहे, अख्खा धडा एका बैठकीत, दोन-तीन तासांत, 'बस इतना कर लो'. मुलांना मी दोष देत नाही. परीक्षा डोक्यावर असते, शेतात वाटाणा तोडायचा असतो, बहिणीचं लग्न असतं. मला राग आहे तो हे विकणाऱ्यांच्या भाषेचा. तीही आदराचीच भाषा आहे : गावातल्या मुलाला अवघड पडू नये, त्याचा वेळ वाचावा. शहरातल्या महागड्या शाळांत मात्र मुलांना कोडी घालतात, प्रकल्प देतात, चुकू देतात, आणि त्या चुकण्यासाठी पालक वेगळी फी मोजतात. चुकायला जागा आणि वेळ असणं ही आता पैसेवाल्यांची चैन झाली आहे, आणि टहरौलीच्या वाट्याला दयेनं आखून दिलेला नकाशा येतो. भूमितीचं प्रमेय पाठ असलेली पण आकृती उलटी छापली की थबकणारी मुलं मी दर वर्षी पाहते. त्यांना बुद्धी कमी नाही. त्यांचं तोंड कुणी फिरवलंय हे तपासायची वेळच त्यांच्यावर कधी येऊ दिलेली नाही.

एका जुन्या अमेरिकी खेळानं हे दुखणं बरं होईल असा माझा दावा नाही. तिघं जण खेळतात, तीस जण घरी जातात. पण वही बिघडल्यावर त्या मुलीनं जे केलं, म्हणजे आधी स्वतःच्या खुणा तपासल्या, मग जमिनीवर संशय घेतला, मग दोनच मंत्र हाताशी असताना ते कुठं खर्चायचे हे ठरवलं, त्याला गणित म्हणतात, आणि ते मी फळ्यावर शिकवू शकले नव्हते. तयार नकाशा असता तर चकरीवरून ती दोन सेकंदांत पुढं गेली असती. वेळ वाचला असता. त्या वाचलेल्या वेळात तिनं काय करावं अशी ह्या लोकांची इच्छा आहे, हे त्यांनी एकदा स्पष्ट सांगावं. पुढचा खेळ विकत घ्यावा, एवढंच उत्तर मला दिसतं.

सगळे जण असे नाहीत. 2007 मध्ये निन्टेन्डो डीएससाठी 'एट्रियन ओडिसी' आला. त्यात खालच्या पडद्यावर चौकटी आहेत आणि खेळाडूनं लेखणीनं स्वतः भिंती ओढायच्या, खुणा करायच्या. चूक केली तर चूकच राहते. म्हणजे नव्या यंत्रावर जुनी पेन्सिल देता येते, द्यायची इच्छा हवी. 'विझर्ड्री'चीही डिजिटल एक्लिप्स ह्या कंपनीनं 2024 मध्ये नवी आवृत्ती काढली. मूळ ॲपल टूची आज्ञावली आत तशीच चालू ठेवून तिच्यावर नवी चित्रं चढवली, ही गोष्ट मला मनापासून आवडली. जुन्या वाड्याची जोती न हलवता वर मजला बांधावा तसं. तिच्या संगीताला 2025 मध्ये ग्रॅमी मिळालं. मूळ खेळ मुका होता, त्यामुळं त्या बक्षिसाचं मला थोडं हसू आलं, पण संगीत चांगलं आहे. पण त्या आवृत्तीत नकाशा आपोआप उमटत जातो. चाललात की भिंत आखली गेली.

तेवढी एक गोष्ट उलटी करून मागते आहे. आपोआपचा नकाशा असू द्या. ज्याला हवा त्यानं आत जाऊन शोधून चालू करावा. खेळ उघडल्यावर पहिल्यांदा समोर यावं ते कोरं पान. आमची वही आता सहाव्या मजल्यावर आहे, आणि पाचव्याच्या ईशान्य कोपऱ्यातली सात घरं अजून भरायची आहेत. तिथं काय आहे ते मला कुणी कळवू नये.